सर विचार करून राहिले होते

धकाते सरांच्या मुलाचा, अमेयचा फोन आला तेव्हा मी मनीषनगरातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत होते. "बाबा गेले," एवढंच तो म्हणाला, आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "कसे?" तो कुठल्या धास्तीनं विचारला हे त्याला बरोबर कळलं. "झोपेतच, मॅडम. हार्ट. डॉक्टर येऊन गेले." मला आधी हायसं वाटलं, मग रडू फुटलं. ज्या माणसानं मला विचार करायला शिकवलं, त्याच्या जाण्याची बातमी ऐकून हायसं वाटावं... महिना उलटला तरी ते मनातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

धकाते सर आम्हाला बी.ए.ला तत्त्वज्ञान शिकवायचे. उमरेडच्या विणकर घरातले; व्याख्यान पुस्तकी मराठीत, बाकी सगळं घरच्या बोलीत. त्यांच्या वर्गात वाद घालायला पूर्ण मुभा होती, पण एका अटीवर. आधी समोरच्याचा पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे त्याचं म्हणणं आपण सांगायचं, तेही इतकं नीट की त्यानं मान डोलवावी. मान डोलली नाही तर आपलं तोंड बंद. मी एम.ए.ला मानसशास्त्र घेतलं तेव्हा सर चिडले. "मन मोजाले चालली का वं? तराजू घेऊन जा सोबत." मीही काही कमी नव्हते. तुम्ही लोक हजारो वर्षं मनावर बोलताय आणि शेजारच्या खोलीत रडणाऱ्याला पाणी देत नाही, असं मी तोंडावर ऐकवलं. हे भांडण माझं लग्न, मुलं, नोकरी सगळ्यातून टिकलं. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, चहा ठेवता ठेवता म्हणायच्या, "भांडा आता. दूध उतू गेलं तरी तुम्हा दोघाले समजणार नाही."

गेल्या वर्षी काकू गेल्या आणि सर गप्प झाले. बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर बसून राहायचे. पोळीचे दोन घास, की ताट परत. कुणी विचारलं तर म्हणायचे, "विचार करून राहिलो." जुने विद्यार्थी यायचे, पाया पडायचे आणि बाहेर पडताना कौतुकानं कुजबुजायचे, सर आता वैराग्याकडे चालले. एकानं तर शाल-श्रीफळ आणलं. दुसऱ्या कुणाच्या घरी म्हाताऱ्यानं जेवण सोडलं असतं तर शेजाऱ्यांनी दवाखान्यात न्यायला कधीच ऑटो बोलावला असता. सर पडले तत्त्वज्ञ, म्हणून लोक नमस्काराला येत राहिले. मला संताप यायचा.

अमेय पुण्याहून आला आणि त्यानं मला घराच्या फाटकातच गाठलं. "मॅडम, खरं सांगा. बाबा विचार करून राहिले का बिमार आहेत?" मी आत गेले आणि सरळ सांगितलं की हे नैराश्य आहे, उद्या माझ्यासोबत मानसोपचारतज्ज्ञाकडे चला. "काहून?" सर म्हणाले. "तुमच्या शास्त्रानं शोकाले मुदत देली का?" मी झोप, भूक, वजन असं सगळं धडाधड मोजून दाखवलं. त्यांनी हात वर केला. "आधी माझा पूर्वपक्ष मांड."

समोर माणूस वाळत चाललाय आणि याला शास्त्रार्थ सुचतोय! तरी बसले. म्हटलं, तुमचं म्हणणं असं की दुःख हा रोग नाही, ते जगण्याचं खरं रूप आहे. मान हलली नाही. "हे पुस्तकातलं झालं. माझं सांग." काकूंशिवाय जगण्यात अर्थ उरला नाही, असं म्हणून पाहिलं. तेही नाही. अमेय दारात उभा होता. हा माणूस आता आपल्या हातून जातो, असं मला स्पष्ट वाटलं. मग मी उत्तर शोधणं सोडलं आणि त्यांच्याकडे नुसती बघत बसले. त्यांची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे होती. मी हळूच म्हटलं, "सर, तुम्हाला मरणाची भीती नाही. बरं वाटण्याची आहे. एका गोळीनं बरं वाटलं, तर इतक्या वर्षांची माया म्हणजे नुसता शरीरातला रस ठरेल..."

सरांची मान हलली. अगदी थोडी. मग ते रडायला लागले, काकू गेल्यावर पहिल्यांदाच, असं अमेय नंतर म्हणाला.

डोळे पुसून ते म्हणाले, "आता तुझा पूर्वपक्ष. तू भिऊन राहिली, का एक दिवस मी आतून दार उघडणार नाही."

"हो सर."

"गोळीनं दुःख जाणार नाही म्हणते?"

"नाही जाणार. पण ते पेलायला जेवावं लागतं, झोपावं लागतं."

सरांनी पुन्हा एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. शेवटी सर म्हणाले, "उद्या किती वाजता?"

गोळ्या सुरू झाल्या. सर जेवायला लागले, डॉक्टरांशीही वाद घालायला लागले, आणि औषधाची गोष्ट त्यांनी कुणापासून लपवली नाही. एकदा म्हणाले, "दुःख तसंच आहे वं. पहिले मी त्याच्यात बुडून होतो, आता त्याच्याकडं पाहता येते." हे तुमचं शास्त्र की माझं, असं मी विचारलं, तर हसले.

शोकसभेत एक वक्ते म्हणाले की सरांनी पत्नीवियोगावर केवळ विचारांच्या बळावर मात केली. सगळ्यांनी माना डोलवल्या. अमेय उठून उभा राहिला. "बाबा गोळ्या घेत होते. आणि विचारही करत होते. दोन्ही खरं आहे." लोक याला अपमान समजतील, अशी मला भीती वाटली. सभा तशीच संपली. बाहेर चपला शोधताना एक गृहस्थ माझ्याजवळ आले. कोण ते सांगणार नाही. इकडेतिकडे पाहून म्हणाले, "मॅडम, तुम्ही मनीषनगरात कुठं बसता?"

ते आले. खुर्चीच्या टोकावर बसून त्यांनी आपल्याला मदतीची गरज कशी नाही, हे मला बराच वेळ समजावलं. मी म्हटलं, "तुमचं म्हणणं मला समजलं तसं सांगते. चुकलं तर थांबवा." आमच्या प्रशिक्षणातही हे शिकवतात, दुसऱ्या नावानं, मी मात्र ते तत्त्वज्ञानाच्या वर्गात शिकले. मी मांडलं. त्यांची मान हलली नाही.

मी पुन्हा सुरुवात केली.