डिस्टिल्ड पाण्याची तोटी

"बीकर खाली ठेव. टेबलावर. हात मागे घे."

मी हात मागे घेतला. सरांनी कॅनमधून मगभर पाणी आणलं आणि हातभर उंचीवरून माझ्या बीकरमध्ये सोडलं. अर्धं बीकरमध्ये पडलं, थोडं टेबलावर, उरलेलं माझ्या पातळावर. मागून कुणीतरी खुदकन हसलं.

ते डिस्टिल्ड पाणी होतं. उकळायचं, त्याची वाफ करायची, ती थंड करून थेंब थेंब गोळा करायची. त्यात क्षार नाही, माती नाही, जंतू नाही. काही म्हणजे काही नाही. पण माझा हात त्या कॅनच्या तोटीला लागला तर ते बाटणार होतं! रसायनशास्त्र शिकवणारा माणूस हे मानत होता. शिकणारेही मानत होते. बाकीची पोरं जायची, तोटी फिरवायची, पाणी घ्यायची. मी कुणाला तरी वेळ मिळेल म्हणून वाट बघत उभी.

हे वाशीमच्या कॉलेजातलं. मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. माझ्या बाबांनी धम्माची दीक्षा घेतली तेव्हा मी आईच्या कडेवर होते. बाबा रिसोडच्या बाजारात पोती उचलायचे. मी वाशीमला मामाकडे, आमच्याच वस्तीत राहायचे. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष. वस्तीतून सायन्सला गेलेली मी पहिली, म्हणून मामी शेजारणींना सांगत सुटायची, "आमची पोरगी मास्तरीण होऊन राह्यली." तिला काय सांगणार? दुपारी डबा मी प्रयोगशाळेच्या मागे, कोळशाच्या ढिगापाशी बसून खायचे. वर्गात आणखी दोन मुली होत्या. त्या दोघी एकमेकींच्या डब्यातलं खायच्या.

त्या वर्षी गावोगाव नव्या विहिरी खणल्या होत्या आणि त्यांचं पाणी तपासायला कॉलेजात येत होतं. पाण्यात नायट्रेट आहे का ते बघायला एक भुकटी लागते. तांबं, अॅल्युमिनियम आणि थोडं जस्त वितळवून ती करतात. ही भुकटी आणि कॉस्टिक सोडा पाण्यात घालून तापवलं की नायट्रेटचा अमोनिया होतो. वाफेवर ओला तांबडा लिटमस कागद धरायचा. निळा झाला की समजायचं, पाण्यात नायट्रेट आहे.

विकतची भुकटी संपली होती. सर म्हणाले, आपणच करू. दोघादोघांनी मिळून. ज्याची भुकटी तपासणीत उतरेल त्यालाच परीक्षेला बसता येईल.

त्या दिवशी सर फार छान शिकवत होते, हे कबूल केलं पाहिजे. म्हणाले, हे नुसतं मिश्रण नव्हे. दोन धातू ठरावीक प्रमाणात एकमेकांना धरतात आणि त्यांचं संयुग होतं, त्याचे गुण दोघांहून वेगळे. निकेल आणि अॅल्युमिनियमचं असंच संयुग करतात. मग सोड्यात त्यातलं अॅल्युमिनियम विरघळवून टाकलं की मागे छिद्राछिद्रांचं निकेल उरतं, आणि त्याच्या मदतीनं पातळ तेलाचं घट्ट वनस्पती तूप करता येतं. मी कान टवकारून ऐकत होते. मला हे सगळं लय आवडायचं हो. तेच तर दुखणं होतं.

"आता आपापले जोडीदार निवडा," सर म्हणाले.

बाकं सरकली. बघता बघता सगळ्यांच्या जोड्या लागल्या. मी उभीच.

"तू नुसतं बघ," सर म्हणाले.

"बघून परीक्षेले बसू देसान का, सर?"

"भट्टीला दोन माणसं लागतात."

"मी एकटीनं करीन."

भट्टी कोळशाची होती, मागच्या पडवीत. एकानं भाता ओढायचा, दुसऱ्यानं मूस सांभाळायची. मूस म्हणजे धातू वितळवायचं मातीचं भांडं. सगळ्यांचं आटोपल्यावर मला भट्टी मिळाली. डाव्या हातानं भाता, उजव्या हातात चिमटा. भाता थांबला की विस्तव मरायचा. अॅल्युमिनियम वितळलं. मग तांब्याच्या तारेचे तुकडे एकेक करून आत सोडले. बघते तर मूस आपोआप जास्त लाल झाली! मी तर भाता थांबवला होता. धातू एकमेकांना धरताना स्वतःचीच उष्णता बाहेर टाकत होते. "अगं माय!" मी मोठ्यानं म्हणाले. ऐकायला कुणी नव्हतं. इतकं एकटं मला आधी कधी वाटलं नव्हतं. अपमानाची सवय असते माणसाला. पण आनंद झाला आणि दाखवायला कुणी नाही, त्याची नव्हती.

शेवटी जस्त टाकलं, ढवळलं, थंड होऊ दिलं. हातोडीनं ठोकलं. तांबं ठोकलं तर चपटं होतं, अॅल्युमिनियम वाकतं. हे वाकलं नाही. गुळाच्या ढेपेसारखं फुटलं. खलबत्त्यात घालून मी त्याची बारीक भुकटी केली.

आता तपासणी. भुकटीत भेसळ नाही हे दाखवायला ती डिस्टिल्ड पाण्यात, सोडा घालून तापवायची. त्या पाण्यात नायट्रेट नसतंच, तेव्हा कागद तांबडाच राहायला हवा. मी बीकर टेबलावर ठेवून उभी राहिले. सर आले नाहीत. पोरांना म्हटलं, "कोणी पाणी देता का?" कुणी वर पाहिलं नाही. वेळ संपत आली. माझ्याजवळ प्यायच्या पाण्याची बाटली होती, वस्तीच्या विहिरीची. पाणी दिसायला काचेसारखं. मी तेच ओतलं.

कागद निळा झाला.

सर नेमके तेव्हाच आले. त्यांनी कागद उचलून सगळ्या वर्गाला दाखवला. "बघा. हिचा माल अशुद्ध." मग हसून म्हणाले, "अपेक्षा काय करणार?"

वर्ग हसला. माझ्या अंगाची लाही लाही झाली. पण त्याच वेळी डोक्यात लख्ख उजेड पडला. माल अशुद्ध नव्हता. माल अस्सल होता, म्हणूनच कागद निळा झाला. नायट्रेट विहिरीच्या पाण्यात होतं. गावाचा उकिरडा आमच्या विहिरीच्या वरच्या अंगाला, त्याची सगळी घाण झिरपत आमच्या पाण्यात. माझ्या भुकटीनं तेवढंच खरं सांगितलं. आणि ते पाणी मी वापरलं कशामुळं? तोटीला हात लावायची मला बंदी होती म्हणून.

मी रिकामा बीकर उचलला. चालत कॅनपाशी गेले. तोटी फिरवली.

पाणी पडायचा आवाज तेवढा येत होता. बीकर भरला. भुकटी, सोडा, दिवा. कागद वाफेवर धरला. तांबडा. मी धरूनच राहिले. तांबडाच.

"पाहा, सर."

सरांनी कागदाकडे पाहिलंच नाही. ते कॅनकडे पाहत होते. मग त्यांनी शिपायाला हाक मारली आणि तो भरलेला कॅन गटारात ओतायला लावला. रात्रंदिवस थेंब थेंब गोळा केलेलं पाणी! पोरांचे प्रयोग अडले. पोरं चिडली, पण सरांवर नाही. माझ्यावर.

दुसऱ्या दिवशी कॅन पुन्हा भरला होता आणि सर त्याच्यासमोर उभे होते.

"बीकर खाली ठेव."

"नाही ठेवत."

"मग परीक्षेला कशी बसतेस तेच बघतो."

त्यांनी खरंच बसू दिलं नाही. मी वर प्राचार्यांकडे जाऊन तक्रार केली. साहेबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, शिस्तीचा प्रश्न आहे. वर्ष गेलं.

मी रिसोडला घरी गेले. बाबा पाठ शेकत बसले होते. नेहमी म्हणायचे, "वाद नको घालू माय, आधी शीक, मंग बोल." मी सगळं सांगितलं. वाटलं, आता बोलतील, पाणी वरून घेतलं असतंस तर काय बिघडलं असतं? त्यांनी शेकायचं फडकं बाजूला ठेवलं.

"तुह्या हातचं पाणी त्यायनं फेकून देल्लं?"

"हो, बाबा."

"मंग आणखी फेकू दे. तू परत जाय."

पुढच्या जूनमध्ये मी परत गेले. तीच प्रयोगशाळा, तेच सर, खालच्या वर्गातून वर आलेली पोरं, आणि मी पुन्हा एकटी. पहिल्याच दिवशी, प्रयोग सुरू व्हायच्या आधी, कुणालाही न विचारता मी कॅनपाशी गेले.

"ए! बीकर खाली ठेव!"

मी तोटी फिरवली. त्यांनी कॅन ओतून दिला. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा फिरवली. तुम्ही ओता. मी फिरवते. बघू, आधी कुणाचा हात थकतो. माझा बाप पोती उचलतो.

बीकर माझ्या हातात होता. तो मी खाली ठेवणार नव्हते.