वरच्या मजल्यावरची सभा

बाबांना ऊन लागलं ते घरात. पंख्याखाली, कॉटवर, अंगात बनियन आणि हातात पेपर असताना.

मुंबईत चारकोपला एका सेक्टरमधल्या चार मजली बिल्डिंगमध्ये आम्ही दोघं राहतो, सगळ्यात वर. लिफ्ट नाही. आमच्या डोक्यावर स्लॅब आणि स्लॅबवर सरळ आभाळ. जवळच्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये औषधाच्या बाटल्यांची झाकणं बनवणारा कारखाना आहे, तिथे मी क्वालिटी बघते, म्हणून दुपारी जेवायला घरी येता येतं. त्या एप्रिलमधल्या दुपारी दार उघडलं तर बाबा छताकडे बघत काहीतरी पुटपुटत होते. अंग तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा टिपूस नाही. मी हाक मारली तर म्हणाले, "साचो बंद कर गो, धागो तुटलो." त्यांची कापडगिरणी बंद पडून माझं अख्खं तरुणपण उलटून गेलं होतं आणि हे अजून साच्यावर, म्हणजे मागावर, उभे होते.

मी जिन्यात येऊन ओरडले. सगळ्यात आधी धावत आले ते तळमजल्यावरचे सर. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, बिल्डिंगमधल्या निम्म्या पोरांना त्यांनी फुकट शिकवलंय. स्वतः सत्तरीला टेकलेले, तरी बाबांना खुर्चीत बसवून एका बाजूने त्यांनी धरलं, दुसऱ्या बाजूने मी. रिक्षात सर वाटभर बाटलीतलं पाणी बाबांच्या डोक्यावर, मानेवर ओतत राहिले. रिक्षावाल्याने आपलीही बाटली मागे दिली.

सरकारी हॉस्पिटलमधल्या तरुण डॉक्टरणीने विचारलं, "आजोबा उन्हात फिरत होते का?"

"नाही, घरीच होते."

"वरचा मजला?"

मी मान हलवली. "वाटलंच," म्हणाली आणि सलाईन लावायला वळली. नंतर तिनेच सांगितलं, रिक्षात पाणी ओतलंत ते बरं केलंत, नाहीतर कठीण होतं.

बाबा घरी आले आणि दोन दिवसांत पुन्हा पूर्वीसारखे भांडायला लागले. "ह्यां कसला गरम? साच्याखात्यात येऊन बघूक व्हया होता तुका. थंय आम्ही आख्खो जल्म काढलो. माका चक्कर इली, बास." डॉक्टरणीने दिलेला सूचनांचा कागद त्यांनी घडी करून उशीखाली सरकवला. मी फार बोलले नाही. पण त्या रात्री भिंतीला हात लावला तर ती अजून कोमट होती, आणि मी मनाशी ठरवलं की हा माणूस पुढच्या उन्हाळ्यात याच कॉटवर असा तापणार नाही.

टेरेसवर ऊन परतवणारा पांढरा रंग मारायचा, सोसायटीच्या खर्चाने, असं मी बिल्डिंगच्या ग्रुपवर लिहिलं. शहर दरवर्षी जास्त तापतंय, हे एका उन्हाळ्याचं दुखणं नाही, हेही लिहिलं. आणि वाट लागली. दुसऱ्या मजल्यावरचा गृहस्थ इस्टेट एजंट, त्याने लिहिलं, "रिडेव्हलपमेंट येतंय, जुन्या टेरेसला मेकअप कशाला?" कोणी म्हणालं एसी लाव ना, सोप्पं आहे. कोणी कुठूनसा आलेला व्हिडिओ टाकला, ग्लोबल वॉर्मिंग म्हणजे परदेशी कंपन्यांचं खूळ म्हणे. एवढ्यात सरांचा मेसेज आला, नेहमीसारखा शुद्ध मराठीत. एका उन्हाळ्यावरून हवामान ठरत नाही. पृथ्वी पूर्वीही तापली आहे आणि थंडही झाली आहे. भावनेच्या भरात कुणीही निष्कर्ष काढू नये. त्याला सगळ्यांचे अंगठे.

मी तशीच खाली गेले.

"सर, तुम्ही बाबांना उचलून खाली आणलंत. आणि आता लिहिता की पुरावा नाही?"

"पुरावा नाही असं मी लिहिलेलं नाही. तुझ्या बाबांना ऊन लागलं, यावरून जगाचं हवामान बदललं असं सिद्ध होत नाही, असं लिहिलंय. नीट वाच."

"मग कशावरून होतं?"

"ते तू शोध. दावा तुझा आहे."

जिना मी रागारागाने चढले. वर पोचेपर्यंत कळलं की त्या वाक्यापुरतं त्यांचं खरं आहे. म्हणून शोधायला बसले. दुपारी घरी जेवताना मोबाईलवर वाचायचे, न कळलेलं पुन्हा वाचायचे. आणि एक दिवस मशीनसमोर उभी असताना गाठ सुटली. एक झाकण वाकडं निघालं म्हणून मी मशीन थांबवत नाही. पण लॉटमागून लॉट माप एकाच बाजूला सरकायला लागलं, की थांबवते. त्या वेळी कोणी म्हणालं की झाकणं पूर्वीही वाकडी निघायची, तर मी ते ऐकून घेत नाही. पूर्वी निघायची ती कधी इकडे, कधी तिकडे. आता सगळी एकीकडेच चाललीत. जगभरची तापमानं तशीच एकीकडे चाललीत, आणि तीही वेगवेगळ्या देशांच्या, एकमेकांशी न पटणाऱ्या लोकांनी मोजलेली.

हे मी सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "माप सरकलंय हे मान्य. पण का सरकलं? आपण चारकोपभर काँक्रीट ओतलं म्हणून, की जगाची हवा बदलली म्हणून?"

मी म्हटलं, "बोरिवलीला महापालिकेच्या हवामान आराखड्यावर जाहीर चर्चा आहे रविवारी. चला, तिथेच विचारा."

"चल," म्हणाले.

हॉल गच्च भरलेला. अधिकाऱ्यांनी पडद्यावर रंगीत नकाशे दाखवले, त्यात आपली उपनगरं लालभडक. मागून एकजण ओरडला, "आधी खड्डे भरा, मग पृथ्वी वाचवा!" टाळ्या पडल्या. एका बाईने विचारलं, झाडं लावा म्हणून आम्हाला सांगता आणि रस्त्यासाठी झाडं तोडता ती कोणाची? त्याला जास्त टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. मग माईक सरांकडे आला. त्यांनी तोच प्रश्न विचारला, वर्गात विचारावा तसा, सावकाश.

व्यासपीठाच्या टोकाला एक संशोधक मुलगी बसली होती, तोवर कोणी तिला बोलूच दिलं नव्हतं. ती म्हणाली, "दोन्ही, सर. माणसाला ताप आलाय आणि वर कोणीतरी गोधडी घातलीय, असं समजा. ताप सगळ्या जगाला आहे आणि तो आपण जाळलेल्या कोळशाचा, तेलाचा. गोधडी आपल्या शहराची, काँक्रीटची. किती गरमी कशाची, हे गल्लीगल्लीत वेगळं, आणि आमचं सगळंच मोजून झालेलं नाही. पण गोधडी काढली म्हणून ताप नाही असं होत नाही, आणि ताप आहे म्हणून गोधडी ठेवायची असंही नाही."

परत येताना रिक्षात सर म्हणाले, "प्रश्न टाळला नाही तिने. आणि जे मोजलेलं नाही, ते मोजलेलं नाही म्हणाली." सरांकडून एवढं म्हणजे खूपच.

आता सोसायटीची सभा. आमच्या सभा संध्याकाळी, खाली पार्किंगमध्ये, गार वाऱ्यात होतात. मी चेअरमनबाईंना म्हटलं, या खेपेला सभा माझ्या घरी घ्या. भर दुपारी.

"वेडी आहेस काय गं? मे महिना आहे!"

"म्हणूनच."

त्या दोन दिवस नाही म्हणाल्या. मी प्रत्येक दार वाजवलं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, येते बाई, पण गुडघे दुखतात. म्हटलं, मी हात धरून आणते. शेवटी चेअरमनबाई कंटाळून हो म्हणाल्या.

आमच्या एवढ्याशा खोलीत लोक दाटीवाटीने बसले. बाबांनी सगळ्यांना कोकम सरबत दिलं. इतिवृत्त वाचून होईपर्यंत शर्ट पाठीला चिकटले, काकू पदराने वारा घेत होत्या, पंखा वरून गरम हवा खाली ढकलत होता. इस्टेट एजंट मात्र हटायला तयार नव्हता. बाबांकडे वळून म्हणाला, "काका, तुम्हीच सांगा यांना. तुम्ही गिरणीत काम केलंत, तुम्हाला या गरमीचं काय?"

बाबांचं उत्तर मला पाठ होतं.

बाबा ग्लास हातात धरून उभेच होते. "गिरणीत गरम होता, ता खरा," म्हणाले. "पण भोंगो वाजलो काय आम्ही भायर. वारो लागे, घाम सुके, मानूस पुन्ना मानूस व्हय." मग त्यांनी मान वर करून स्लॅबकडे बघितलं. "हय भोंगो वाजणा नाय रे झिला. दिस जाता, रात जाता, ह्यो तापलेलोच. माका वाटला, मी म्हातारो झालंय म्हणून सोसना नाय. चेडवाक सांगूक लाज वाटली."

चेडू म्हणजे लेक, म्हणजे मी. मी हातातल्या ट्रेकडे बघत राहिले.

एजंट जरा नरमाईने म्हणाला, "बरं ठीक आहे, रंग मारू आणि विषय संपवू. कारणं-बिरणं कशाला?"

इथे मात्र मी उभी राहिले. "विषय संपत नाही. हा एकाच उन्हाळ्याचा ताप असता तर रंग पुरला असता. माप सरकत चाललंय. पुढच्या बिल्डिंगला, म्हणजे तुमच्या त्या रिडेव्हलपमेंटच्या टॉवरलासुद्धा, वरचा मजला असणारच आहे. तिथे कोणीतरी म्हातारं माणूस राहणारच आहे. म्हणून कारण पण बोलायचं."

हात वर झाले. ठराव थोड्याच मतांनी पास झाला. एजंटने विरोधात मत दिलं आणि सरबताचा दुसरा ग्लास मागून घेतला. सरांनी बाजूने मत दिलं, पण इतिवृत्तात लिहायला लावलं की शहराचा वाटा किती आणि जगाचा किती, याबद्दल त्यांच्या शंका कायम आहेत. चेअरमनबाई वैतागल्या. मी म्हटलं, लिहा, त्यांचा हक्क आहे.

रंग कंत्राटदाराच्या माणसांनी मारला, पण त्याआधी टेरेस घासून काढायला आम्ही वरच्या मजल्यावरची सगळी घरं बसलो होतो. जादू काही झाली नाही. घर गार झालं असं मी म्हणणार नाही. पण रात्री भिंत हाताला कोमट लागायची थांबली, आणि बाबा पहाटेपर्यंत सलग झोपायला लागले. दुपारी ते सरांकडे खाली जातात. तिथे पत्ते आणि वाद दोन्ही चालतात.

माझं मन मात्र तिथे थांबलं नाही. पलीकडच्या चाळवजा घरांना पत्र्याचं छप्पर आहे, त्यांना सोसायटी नाही, सभा नाही. म्हणून मी महापालिकेच्या ऑफिसात गेले. आमच्या सेक्टरची पालिकेची शाळा मे महिन्यात रिकामी असते. तिचा तळमजल्यावरचा हॉल दुपारी म्हाताऱ्यांसाठी, बाळंतिणींसाठी उघडा, पंखे आणि पाणी ठेवा, एवढंच मागितलं.

"मॅडम, पुरासाठी शाळा उघडायची तरतूद आहे. गरमीसाठी नाही."

"मग करा."

"ते वरून यायला लागतं."

"वर म्हणजे कुठे? मी तिथे जाते."

त्यांनी सांगितलं, मी गेले. तिथून पुन्हा खाली पाठवलं, तर पुन्हा आले. मागच्या खेपेला पत्र्याच्या घरांतल्या दोन बायका सोबत आल्या, एकीच्या कडेवर बाळ होतं. त्या दिवशी पहिल्यांदा आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या. परवानगी अजून मिळालेली नाही. ती देणारे साहेब मंगळवारी भेटतात, आणि मंगळवारची अर्धी रजा मी सुपरवायझरकडून आधीच मंजूर करून घेतली आहे.