भिंतीत ठेवलेली दोरी

नाडीमावशींना खऱ्या नावाने हाक मारली, तर त्या मागे वळून बघतात, की आणखी कोण आलं. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी शिवणाच्या कारखान्यात पायजम्यांना नाड्या ओवण्यात घालवली. कारखाना बंद पडला आणि नेमके तेव्हाच वायरमन नवऱ्याचे गुडघे संपावर गेले. मावशींनी त्याची पिशवी उचलली आणि घरोघर वायरी ओढायला लागल्या. "काम तेच हो," त्या म्हणतात, "नेफा तेवढा विटांचा."

आमच्या घरचा नेफा दगडी होता. भिंती इतक्या जाड, की खिडकीत मांडी घालून बसता येतं. नेटची पेटी खाली स्वयंपाकघरात, आणि ताईची कामाची खोली वर. ताई लॅपटॉप कडेवर घेऊन, तान्हं मूल निजवावं तशी खोलीभर रेंज शोधत फिरायची. मी वेगळा राहतो; दर रविवारी तिथे गेलो, की पेटी कधी कपाटावर, कधी फडताळावर ठेवून बघायचो. एकदा तिच्यामागे परातही उभी केली. तेवढ्याने फक्त पोळ्यांची पंचाईत झाली.

ताई दवाखान्यांसाठी दुभाष्याचं काम करते. डॉक्टर एका भाषेत बोलतात, पेशंट दुसऱ्या. ती पडद्यावर मध्ये बसून इकडचं तिकडे करते. लहानपणी याच गुणासाठी तिला धपाटे बसायचे. पण परवा एका आजींना ती सांगत होती, "डॉक्टर म्हणतात, तुमच्या गाठीमध्ये..." आणि चित्र गोठलं. ताईचं तोंड उघडं, आजींचे डोळे मोठे. त्या दिवशी पुन्हा जोडणी झालीच नाही; त्या बाईने मनात काय काय पाहिलं असेल! ऑफिसने ताईला बजावलं: सोमवारपर्यंत पक्की वायर घ्या, नाहीतर मोठ्या शहरात येऊन आमच्या इमारतीत बसा.

म्हणजे घरात उरणार बाबा आणि भिंती.

बाबांचा हुकूम असा, की भिंतीला छिन्नी लागता कामा नये. बाहेरून वायर न्यावी, तर ती त्यांना घराला सलाईन लावल्यासारखी दिसते.

"बाबा, मग ताई जाईल," मी म्हटलं.

"जाऊ दे. माझं काय अडतंय?" बाबा म्हणाले, आणि त्या दिवशी चहा अर्धाच प्याले.

मावशी आल्या त्या अशा घरात. मला वाटलं, आता भिंती ठोकून बघतील. त्या खुर्चीवर बसल्या आणि बाबांच्या चौकशीला लागल्या. तुम्ही लहानपणी कुठे झोपायचात? स्वयंपाकघर इथेच होतं का? वर कोण असायचं?

"बाई, तुम्ही वायर टाकायला आलात की सोयरीक जमवायला?" बाबा म्हणाले.

"काका, भिंत काय सांगणार मला? कोण कुणाला हाक मारायचं ते कळलं, की रस्ता कळतो."

बाबा नाइलाजाने सांगू लागले. वरच्या खोलीत त्यांचे आजोबा अंथरुणाला खिळून होते. काही हवं झालं, की उशाशी बटण दाबायचे. खाली स्वयंपाकघरात घंटी वाजायची.

मावशी उठल्याच. वर, जिथे त्या पलंगाचं डोकं असायचं, तिथे रंगाच्या थरांखाली एक गोल लाकडी चकती होती. आम्ही तिला जन्मभर भिंतीचा तीळ समजत होतो. स्क्रूड्रायव्हरने ती अलगद निघाली. आत लोखंडी नळीचं तोंड, आणि तोंडाशी गाठ मारलेली, मेण लावलेली दोरी.

मावशींनी दोरीला हात लावला नाही. नुसत्या बघत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "पुढच्यासाठी ठेवलीय."

"कोण पुढचा?" मी विचारलं.

"जो येईल तो. आम्हा वायरवाल्यांत तसं करतात. पण इतकी जुनी मी पहिल्यांदाच बघतेय हो."

बाबा दारातच थबकले. "आजोबा गेल्यावर वायरमन घंटी काढायला आला होता," ते म्हणाले. "तारा बाहेर ओढल्या आणि ही दोरी आत घातली. आई म्हणाली, हाक मारणारा गेला, आता दोरी कशाला? तर म्हणाला, असू द्या, उद्या कुणाला काय वर न्यायचं असेल."

त्या माणसाला इंटरनेट ठाऊक नव्हतं, ताई ठाऊक नव्हती. कुणालातरी काहीतरी लागेल, एवढंच ठाऊक होतं. आणि तेवढ्यासाठी त्याने आमच्या भिंतीत एक वाट उघडी ठेवली होती. मला एकदम देवळात उभं राहिल्यासारखं झालं. चपला काढाव्यात की काय, असंही वाटून गेलं.

"तुटली तर?" ताईने विचारलं.

"तर नळी गेली," मावशी म्हणाल्या. "मग छिन्नी, नाहीतर तुमची बॅग. काका, तुम्ही खाली बसा. वायर तुम्ही द्यायची."

"मी?"

"भिंत तुमची ना?"

खालचं तोंड फडताळामागे सापडलं. तिथे मावशींनी जुन्या दोरीला बारीक नायलॉनची दोरी बांधली, आणि वर जाऊन हळूहळू ओढून घेतली. मग त्या दोरीला खाली वायर बांधली, सोबत आणखी एक कोरी दोरी, आणि वायरीला साबण चोळला. मावशी वर, बाबा खाली, आणि मी जिन्यात निरोप्या.

"द्या काका!"

"घ्या!"

मध्येच अडलं. मावशींचा आवाज आला, "ओढू नका, ढकलू नका. जरा मागे घ्या आणि धीराने द्या. रुसलेल्याला समजावतात तसं."

"ते मला कधी जमलंय?" बाबा पुटपुटले. पण वायर त्यांनी खरंच मागे घेतली, बोटांत फिरवली, पुन्हा दिली. "ये बाई, ये," असं ते नळीच्या तोंडात म्हणताना मी ऐकलं. आणि वायर सरसरत निघाली.

मावशींनी टोकं जोडली, चकती पुन्हा बसवली. कोरी दोरी आतच राहिली.

थोड्याच वेळात ताईच्या लॅपटॉपवर दवाखान्याचा कॉल आला. त्याच आजी होत्या. वरून तिचा आवाज जिन्यावरून खाली उतरला, एकही शब्द न गळता: "आजी, डॉक्टर म्हणतात, तुमच्या गाठीमध्ये घाबरण्यासारखं काही नाही."

मावशी पिशवी भरून निघाल्या. फडताळामागे बाबा तसेच बसून होते, वायर दोन्ही हातांत धरून.

"काका, सोडा आता. पोचली ती."

"माहीत आहे," बाबा म्हणाले, आणि धरूनच बसले.