उजवी वायर

माझी मुलगी इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक तयार करते. 'तयार करते' हे शब्द मी मुद्दाम वापरते, कारण कोथरूडमध्ये कुणालाही हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "म्हणजे डीजे का? आमच्या भाचीच्या हळदीला येईल का?" सुरुवातीला मी समजावून सांगायचे. हल्ली म्हणते, "हळदीचं माहीत नाही, तुमच्या साठीशांतीला येते का विचारून बघते."

आयटीतली चांगली नोकरी सोडून ती आतल्या खोलीत कॉम्प्युटर आणि दोन मोठे स्पीकर मांडून बसली, तेव्हा मला ते मुळीच पटलं नव्हतं, खोटं कशाला बोलू. आठवड्याभरात खालच्या मजल्यावरचे काका तक्रार घेऊन आले. त्यांच्या शोकेसमधल्या कपबश्या थरथरत होत्या म्हणे. मग तिने स्पीकर बंद केले आणि सगळं काम हेडफोनवर सुरू केलं. एक ठोका मनासारखा लागेपर्यंत ती जेवण विसरायची. मी गणिताच्या शिकवण्या घेते. एका उदाहरणाला इतकं चिकटून बसणारं दुसरं पोर मी पाहिलेलं नाही.

पुढे वाघोलीजवळ एका मोकळ्या मैदानावर तिला संध्याकाळचा कार्यक्रम मिळाला. पहिल्यांदाच सगळं संगीत तिचं स्वतःचं. नेमकं त्याच आठवड्यात जुन्या कंपनीतल्या साहेबांनी परत बोलावलं. "सोमवारी सांगते," असं त्यांना सांगून ती माझ्याकडे वळली. "आई, शनिवारी लोक नाचले नाहीत ना, तर मी जाईन परत."

पर्समध्ये कापसाचे बोळे घेऊन मी गेले. तिच्या संगीताच्या पहिल्या दोन तुकड्यांना लोक बऱ्यापैकी डोलले. मग तिचा सर्वात लाडका तुकडा सुरू झाला. त्याची धून तिने मला हेडफोनवर इतक्यांदा ऐकवली होती, की भाजी चिरताना मी ती गुणगुणायचे. ठेका आला, खालचा घुमणारा आवाज आला, पण धूनच येईना! नाचणारे थबकले. काहीजण खाण्याच्या स्टॉलकडे निघाले.

तिने हेडफोन कानाला लावला, काढला, परत लावला. मग शांतपणे यंत्रामागे वाकली आणि एक वायर उपटली. त्याच क्षणी धून मैदानभर पसरली. लोक ओरडतच परत आले. मी शेजारच्या अनोळखी मुलीचा हात इतका घट्ट धरला, की ती म्हणाली, "काकू, नाचा ना!" नाचले मी.

घरी येताना तिने उलगडा केला. धून भरगच्च वाटावी म्हणून तिने डावा आणि उजवा आवाज एकमेकांच्या अगदी उलटे ठेवले होते. हेडफोनवर प्रत्येक कानाला आपापली बाजू ऐकू येते, त्यामुळे चूक कळायला मार्गच नव्हता. मैदानावर मात्र दोन्ही बाजू एकत्र करून सगळ्या स्पीकरना दिल्या होत्या. "प्लस पाच आणि मायनस पाच, आई. बेरीज शून्य. म्हणून उजवी बाजू काढूनच टाकली." एवढ्या लोकांसमोर, सगळं पणाला लागलेलं असताना, हिने उभ्या उभ्या स्वतःची चूक शोधली होती. मला तिचा फार अभिमान वाटला आणि मी तसं तिला सांगितलंही. ती म्हणाली, "अगं, पण निम्मंच वाजलं ना ते."

रविवारभर ती तो तुकडा दुरुस्त करत बसली. सोमवारी सकाळीही तेच. तिचा मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला होता, तो वाजला. साहेब होते. "आहे का ती? आज सांगणार होती."

मी दारात जाऊन फोन उंचावून दाखवला. तिने हेडफोन न काढता माझ्याकडे पाहिलं, मान हलवून नाही म्हटलं आणि पुन्हा पडद्याकडे वळली.

"नाही हो साहेब," मी म्हणाले, "तिला नाही जमायचं. ती कामावर आहे."