खिसा आणि काष्टा

धुळ्याच्या दवाखान्यात सोनोग्राफी शिकताना मी एकटीने तपासलेला पहिला खांदा साक्रीकडच्या एका अक्कांचा. आतला स्नायू फाटलेला निघाला तर ऑपरेशन, एवढाच त्यांना धाक. मला तर बोलायचाच धाक. पुस्तकातलं इंग्रजी वाक्य मी मनात मराठीत जुळवलं आणि हळूच म्हणाले, "अक्का, हात मागच्या खिशात घाला."

अक्कांनी आधी आपल्या नऊवारीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाई, लुगडाले खिसा ऱ्हास का?"

मला हसू आवरेना. त्यांच्या कमरेमागे बोट दाखवून म्हटलं, "मग... काष्टा खोचता तसा?"

"तोच त खोचता येत नही, म्हनीसन त उनू ना मी!"

आता दोघी हसत सुटलो, खांद्यावरचा प्रोब जेलवरून घसरला. त्या हसण्याकण्हण्यात त्यांचा हात कसाबसा मागे गेला आणि हाडाखाली लपलेला स्नायू पडद्यावर पुढे आला. पूर्ण अखंड! त्याच्यावरच्या पातळ पिशवीत पाणी साठलं होतं, आणि रक्तप्रवाहाचं बटण दाबताच तिच्या कडेने लाल ठिपके लुकलुकले. म्हणजे सूज. नुसती सूज!

"फाटेल शे का?" अक्कांनी विचारलं.

शिकवणारे सर येईपर्यंत पेशंटला काही सांगायचं नसतं, हे मी साफ विसरले. "नही अक्का! बठ्ठं साबूत शे!" मी त्यांच्याच बोलीत ओरडलेच. बाहेरच्या बाकावरचे दोघे दारातून डोकावले.

अक्कांनी झटकन माझ्याकडे मान वळवली. "ओ माय, तुले बोलता बी येस का!"