चंदेरी बाजू बाहेर

मी दिवसा झोपते. हे वाक्य मी आता मान वर करून म्हणते. आमच्या गल्लीत दिवसा झोपणाऱ्यांचे तीनच प्रकार लोकांना ठाऊक आहेत: तान्हं बाळ, आजारी माणूस आणि आळशी सून. पहिल्या दोहोंत मी बसत नव्हते, तेव्हा माझी रवानगी कुठे झाली ते सांगायला नको.

मी सिन्नरच्या एका कारखान्यात रात्रपाळीला जाते. गाड्यांचे बोटभर सुटे भाग भिंगाखाली धरायचे आणि कुठे चरा किंवा चीर आहे का ते बघायचं, हे माझं काम. रात्रपाळी माझ्यावर कुणी लादली नाही, मी मागून घेतली. रात्री तिथे साहेबांची वर्दळ नसते, पाहुण्यांना चहा द्या म्हणून कुणी उठवत नाही. मी, दिवा आणि भिंग. मला ते मनापासून आवडतं. बाईला रात्रीचं काम आवडू शकतं, हे मात्र लोकांच्या गळी उतरत नाही. ‘काय करणार, नाइलाज आहे’ म्हटलं की लगेच उतरतं. माझा कसलाही नाइलाज नव्हता.

अडचण होती ती झोपेची. पंचवटीच्या पुढे आमचं बैठं घर आहे आणि त्याचं दार सकाळी उघडलं की रात्रीच मिटतं. दिवसा खिडक्या लावायच्या नाहीत, हा सासूबाईंचा कायदा. लावलेली खिडकी दिसली की लोक विचारायला येतात, घरात काही झालंय का. मी चादर डोक्यावरून घेऊन पडायची आणि प्रत्येक येणारा-जाणारा ‘झोपली वाटतं’ असं मोठ्याने म्हणून माझ्या झोपेचं खोबरं करायचा. शेवटी कामावर डुलकी लागलीच. चीर गेलेला एक भाग माझ्या हातून पुढे गेला. सुपरवायझर सभ्य माणूस, पण त्याने स्पष्ट सांगितलं, “मॅडम, पुन्हा असं झालं तर तुम्हाला दिवसपाळीला पॅकिंगमध्ये घ्यावं लागेल.” म्हणजे झोप नाही तर भिंग नाही.

आमच्या पडवीला लागून एक कॅम्पर ट्रेलर उभा होता. गाडीच्या मागे जोडून न्यायची, चाकांवरची छोटी खोली. द्राक्षबागेतल्या एका रिसॉर्टने तो मोडीत काढला आणि माझ्या दिरांनी हौसेने आणला. घरच्यांना घेऊन कळवणपर्यंत एक फेरी झाली, चढावर गाडी तापली आणि हौस फिटली. तेव्हापासून त्यात जुना कूलर आणि पोती राहत होती. मी पोती काढली, गादी टाकली आणि जेवणाच्या वेळी सगळ्यांसमोर सांगितलं, “उद्यापासून मी तिथे झोपणार.” दीर हसले. मी हसले नाही.

पण त्या कॅम्परला जिकडेतिकडे खिडक्या. गादीवर पडून डोंगर दिसावेत म्हणून केलेल्या. मला डोंगर बघायचे नव्हते, मला अंधार हवा होता. आधी जुन्या साड्या बांधल्या, तर साड्यांच्या रंगाचा उजेड. मग वर्तमानपत्रं चिकटवली. ऊन पडलं की कागद असा उजळायचा की उशीवरून राशिभविष्य वाचता यायचं. हिरवी शेडनेट लावली, तेव्हा रोपवाटिकेतल्या मिरचीच्या रोपासारखी मी हिरव्या उजेडात टक्क जागी.

माझा भाऊ सिन्नरजवळ टोमॅटो लावतो. त्याच्याकडे उरलेला मल्चिंग पेपर होता. रोपांभोवतीच्या मातीवर अंथरतात तो प्लॅस्टिकचा कागद, एका बाजूने काळा, दुसऱ्या बाजूने चंदेरी. मी आणि आमच्या ह्यांनी मापं घेऊन तो कापला आणि आतून टेपने घट्ट चिकटवला. पडदा लावताना चांगली बाजू घरात, हे दोघांच्याही अंगात मुरलेलं. त्यामुळे चंदेरी बाजू आत आणि काळी बाहेर. दार लावलं आणि डोळ्यांसमोर धरलेला हात दिसेना! मला इतका आनंद झाला की मी अंधारात एकटीच हसले.

दुपारी मात्र भरताच्या वांग्यासारखी भाजून बाहेर आले. ऑक्टोबरचं ऊन काळ्या प्लॅस्टिकने सगळंच्या सगळं पिऊन घेतलं होतं. भावाला फोन केला तर तो पोट धरून हसला. “ताई, चंदेरी बाजू उन्हाकडं असती! टोमॅटोला कळतं, तुम्हा दोघांना नाय कळलं?” त्याच संध्याकाळी सगळा कागद उलटा केला. छतावरची हवेची झडप उघडीच ठेवली आणि तिच्याखाली द्राक्षाच्या खोक्याचं एक वाकडं नळकांडं बसवलं. वारा वळून आत यायचा, उजेड वाटेतच अडायचा. त्या दिवसापासून मी झोपायला लागले. नुसती पडून राहत नव्हते, झोपत होते. कामावर भिंगाखाली केसाएवढी चीरही दिसायला लागली.

सासूबाईंना ते सोसलं नाही. तिन्हीसांजेला घरात अंधार ठेवू नये, दार उघडं असावं, लक्ष्मी येते, हे त्यांच्या सासूने त्यांना सांगितलेलं. संध्याकाळ व्हायच्या आधीच त्या यायच्या आणि दाराच्या खिडकीवरचा कागद बाहेरून सुटत नाही म्हणून दार उघडून आतून ओढायच्या. उजेडाचा पट्टा थेट माझ्या डोळ्यांवर.

“ऊठ. लक्ष्मी यायची येळ झाली.”

“आई, या घरातली एक लक्ष्मी रात्रपाळीला जाते. तिला झोपू द्या.”

“लय बोलाया लागलीस.”

“झोप झाली की बोलता येतं.”

रोज त्या कागद काढायच्या, रोज मी चिकटवायची. दाराला आतून कडी बसवली तर त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, मग बाहेरून दार वाजवायला लागल्या. हे मध्ये पडले नाहीत, पण टेप संपली की न सांगता नवीन आणायचे.

संक्रांतीनंतर आमच्याकडे हळदीकुंकू होतं. मी लवकर उठून तयार होणार होते, तसं ठरलं होतं. पण बायका वेळेआधीच आल्या. कागद उजेड अडवतो, आवाज नाही. पडवीतलं सगळं मला झडपेतून ऐकू येत होतं.

“सूनबाई दिसत नाहीत?”

“तिला बरं नाय,” सासूबाई म्हणाल्या. “डोकं धरतं. उजेड सोसत नाय, म्हून ते कागद लावलेत.”

“अगं बाई, अजून तेच? दिवाळीतही हेच म्हणत होतात. दवाखाना कुठला चालू आहे?”

म्हणजे दिवाळीपासून मी गल्लीभर आजारी होते! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आळशी म्हटलं असतं तर मी गिळलं असतं. पण रात्रभर जागून काम करणाऱ्या धडधाकट बाईला रोगी करायचं, का, तर आजारापेक्षा सुनेच्या रात्रपाळीची लाज जास्त वाटते म्हणून? मी कडी काढली आणि गाऊनवर ओढणी घेतलेली, केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी, अशीच पडवीत जाऊन उभी राहिले. बायका नटूनथटून बसलेल्या.

“मी आजारी नाही,” मी म्हणाले. “मी रात्री कारखान्यात काम करते आणि दिवसा झोपते. उजेड मला सोसतो, पण झोपताना तो मला नको असतो. आता तोंड धुऊन येते, मग हळदीकुंकू लावते.”

 मी तोंड धुतलं, साडी नेसले, सगळ्यांना हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला. एकीने वाण घेताना माझा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला. सासूबाईंनी मात्र माझ्याकडे पाहिलंही नाही, आणि तो अबोला थेट फाल्गुनापर्यंत चालला. दार वाजवायलाही त्या येईनात. मला वाईट वाटत होतं, पण शब्द मागे घ्यावा असं एकदाही वाटलं नाही.

मग एका दुपारी झोपेत पडवीतून आवाज आला. वर्गणीला कुणीतरी आलं होतं, मोठमोठ्याने बोलत होतं, आणि कॅम्परवर थापा मारून विचारत होतं की या डब्यात आहे तरी काय.

“हात काढा तिथनं,” सासूबाई म्हणाल्या. “आमची सून झोपलीये आत.”

“आजारी आहेत का?”

“आजारी नाय. कामाची हाय. रातभर राबून आलीये. हळू बोला, नायतर उद्या या.”

अंधारात माझे डोळे भरून आले. बाहेर जावं, त्यांचा हात धरावा, असं फार फार वाटलं. पण दार उघडलं असतं तर उजेड आला असता आणि त्यांनी राखलेली झोप मीच मोडली असती. मी कूस बदलली आणि झोपले.