आखाजीच्या आधी सोडलेले घर

जळगावातील त्या घराचा करार अकरा महिन्यांचा होता. अकराच का, हे मी तीन जणांना विचारले आणि तीन वेगवेगळी उत्तरे मिळाली. घरमालकांना विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की अकरा महिने कागदाचे असतात आणि बारावा विश्वासाचा. हे उत्तर कोणत्याही कायद्यात नसावे, पण चौघांना समजायला तेच सोपे होते.

घरमालकांना आम्ही आबा म्हणत असू. एरंडोलच्या पुढे धुळे रस्त्यालगत त्यांची कापसाची शेती होती. मुलांच्या शिक्षणासाठी त्यांनी जळगावात घर बांधले, मुले शिकली आणि शिकल्यामुळेच पुण्याला गेली. खालचा मजला आबांनी बियाण्यांच्या पोत्यांसाठी ठेवला होता, वरचा आम्हाला दिला होता. भाडे बँकेत जमा करण्याची सोय मी त्यांना दोनदा समजावून सांगितली. त्यांनी दोन्ही वेळा लक्षपूर्वक ऐकून घेतले आणि पुढच्या महिन्यात भाडे घ्यायला स्वतः आले.

घरात आम्ही दोघी राहत होतो, मी आणि माझ्या सासूबाई. मी एका माध्यमिक शाळेत गणित शिकवत असे. यजमान धुळ्याला एका कारखान्यात हिशेब पाहत आणि शनिवारच्या बसने येत. सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली होती. ती उत्तम झाली असे डॉक्टरांचे मत होते आणि सासूबाईंचेही, परंतु त्या दोन मतांचा उपयोग फक्त सपाट जमिनीवर होत होता. आमचा जिना बाहेरून होता, अरुंद आणि उभा, आणि गवंड्याने तो निरनिराळ्या दिवशी निरनिराळ्या मनःस्थितीत बांधलेला असावा, कारण त्यातील कोणत्याही दोन पायऱ्यांची उंची सारखी नव्हती. पावसाळा संपला तेव्हा सासूबाई एकदा वर आल्या, त्यानंतर खाली गेल्या नाहीत. गल्लीतील भाजीवाली हाक मारी, त्या खिडकीतून भाव करत, आणि पिशवी दोरीने वर येई. निवडून घेता येत नसल्यामुळे भाजी कधीच त्यांच्या मनासारखी येत नसे.

माघात दोन गोष्टी एकदमच घडल्या. आमच्या शिक्षणसंस्थेच्या धुळ्याच्या शाळेत जागा रिकामी झाली आणि माझी बदली मान्य झाली. त्याच आठवड्यात यजमानांना धुळ्यातील देवपुरात तळमजल्याचे घर सापडले. अंगणात उतरायला एकच पायरी, समोर रस्ता, बाजार जवळ. तळमजल्याची घरे भाड्याने निघतात ती बहुधा दुकानांसाठी, राहायला क्वचितच. तेथील मालकाने अट घातली की येत्या रविवारपर्यंत डिपॉझिट मिळाले तर घर तुमचे, नाही तर एका शिकवणीवाल्याचे. आमची शिल्लक गुडघ्यांमध्ये गेली होती. म्हणजे धुळ्याचे डिपॉझिट जळगावच्या डिपॉझिटमधूनच उभे राहणार होते. दुसरी वाट नव्हती.

करारात लिहिले होते की कोणत्याही पक्षाने एक महिन्याची लेखी सूचना द्यावी, आणि घर सोडताना अनामत रक्कम परत करावी. सूचना महिनाभर आधी देणे शक्य नव्हते, म्हणून मी त्या महिन्याचे भाडे देण्याची तयारी दर्शवून अर्ज लिहिला. विषय, संदर्भ, मजकूर, स्वाक्षरी. आबा आले तेव्हा तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उभ्यानेच वाचला, चौकोनी घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली.

“अक्षर चांगलं शे,” ते म्हणाले. “पन हिशोब आखाजीलेच व्हई.”

आबा भाड्याविषयी माझ्याशी पुस्तकी मराठीत बोलत. तत्त्वाचा प्रश्न आला की अहिराणीत शिरत. त्यामुळे प्रकरण गंभीर आहे हे मला ताबडतोब कळले.

येथे थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. अक्षय तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात. सासरी गेलेल्या मुली त्या दिवशी माहेरी येतात, झोके बांधले जातात, हे सर्वांना ठाऊक असते. पण शेतकऱ्याच्या लेखी वर्षही त्याच दिवशी बदलते. वर्षाच्या बोलीवर शेतात राहणारा गडी म्हणजे सालदार. त्याचे जुने साल आखाजीला संपते, हिशोब मिटतो, नवे साल ठरते आणि त्याला आगाऊ उचल मिळते. आम्ही घर घेतले तेही योगायोगाने आखाजीच्या सुमारास. योगायोगाने, हे माझे मत. आबांच्या मते आम्ही साल धरले होते.

मी करारातील कलम वाचून दाखवले. त्यांनी ऐकून घेतले.

“बाई, तुम्ही पोरेसले शिकाडतस, तुमले काय सांगनं. कागद कोर्टले लागस. मी काय कोर्ट शे?”

मी म्हणाले की तुम्ही कोर्ट नाही, पण स्वाक्षरी तुमची आहे. ते म्हणाले की स्वाक्षरी त्यांचीच आहे आणि ते ती नाकारत नाहीत. मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. “तुमनं डिपॉझिट आते मनाजोडे नही.” आमची रक्कम त्यांनी घेतली त्याच दिवशी सालदाराला उचल म्हणून दिली होती. सालदाराने त्यात मुलीचे लग्न केले होते. आता ती रक्कम त्याच्या कामातून रोज थोडी थोडी फिटत होती आणि आखाजीला पूर्ण फिटणार होती. लग्न परत मागता येत नाही, हे मलाही मान्य करावे लागले.

सासूबाई इतका वेळ खिडकीजवळच्या खुर्चीत बसून ऐकत होत्या. त्या मूळच्या साक्रीकडच्या, अहिराणी त्यांचीही. “आबा,” त्या म्हणाल्या, “मंग मी खाले उतरसू ते आखाजीलेच का?”

आबांनी टोपी काढून पुन्हा घातली. सासूबाईंना ते अक्का म्हणत आणि अक्कांशी वाद घालायचा नाही, हा त्यांचा नियम असावा. जाता जाता जिन्याच्या तोंडाशी थांबून त्यांनी मार्ग सांगितला. सालदाराला मधेच जावे लागले तर तो आपल्या जागी माणूस देतो, म्हणजे त्याला कोणी अडवत नाही. तुम्ही भाडेकरू आणा. त्याचे डिपॉझिट येईल ते तुमचे.

त्या दिवशी सोमवार होता.

मी शिक्षकांच्या खोलीत, किराणा दुकानात आणि दवाखान्यात सांगून ठेवले. मंगळवारी एक नवविवाहित जोडपे आले. मुलगा पतपेढीत होता. मी त्यांना घर क्रमाने दाखवले, प्रथम गुण आणि नंतर दोष, म्हणजे तुलना सोपी जाते. पश्चिमेची भिंत उन्हाळ्यात तापते, दुपारी तिला हात लावू नये. नळाला पाणी रोज येत नाही, येते तेव्हा पहाटे येते, आणि पहिली बादली गढूळ असते. स्वयंपाकघरातील खिडकी बंद होते, पण उघडताना दोन माणसे लागतात. मुलगी म्हणाली, विचार करून कळवतो. त्यांचा विचार जिन्यातच पूर्ण झाल्याचे ऐकू आले.

“तू घर दाखवतेस की घराची चहाडी करतेस?” सासूबाईंनी विचारले.

“आई, नंतर कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.”

“नंतर कळलं तर ते राहून तक्रार करतील. आधी कळलं तर मी राहून तक्रार करेन.”

या विधानात तर्काची चूक सापडली नाही. तरीही बुधवारी आलेल्या औषधविक्रेत्याला मी भिंतीविषयी सांगितलेच. खिडकीविषयी सांगणार नव्हते, पण त्याने ती उघडायला घेतली.

गुरुवारी शाळेतून आले तेव्हा दारात एक गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी उभ्या होत्या. ते कूलर बनवत आणि दुरुस्त करत. त्यांचे सध्याचे घर रस्तारुंदीकरणात जाणार होते आणि तिथला मालक शनिवारी त्यांचे डिपॉझिट परत करणार होता. मी भिंतीपासून सुरुवात केली.

“पश्चिमेची तापते?” ते म्हणाले. “मॅडम, जळगावात न तापणारी भिंत दाखवा, मी ती विकत घेतो.”

त्यांच्या पत्नीने पाण्याची वेळ विचारली, गच्ची वाळवणासाठी वापरता येईल का ते विचारले, आणि खिडकी एका हाताने उघडली. ती आतून वर उचलून ढकलायची होती. आम्ही ती नऊ महिने बाहेर ढकलत होतो.

गल्लीतील दोघांनी त्या संध्याकाळी मला बाजूला घेऊन सांगितले, “बाई, मुसलमान कुटुंब आहे, जरा विचार करा.” काय विचार करायचा ते त्यांनी सांगितले नाही, त्यामुळे मी तो केला नाही. परंतु घर माझे नव्हते, म्हणून रात्री आबांना फोन केला आणि सर्व माहिती दिली, हीही. मी रविवारचा विचार करत उभी होते.

“साल पुरं करतीन का?” आबांनी विचारले.

“करू म्हणतात. पुढचंही धरू म्हणतात.”

“मंग मी शनवारे येस.”

शनिवारी दुपारी यजमान धुळ्याहून आले, आबा गावाहून आले, आणि ते गृहस्थ सायंकाळपर्यंत आलेच नाहीत. त्यांच्या मालकाने त्यांना उद्या ये म्हटले असावे, हे आमच्यापैकी प्रत्येकाच्या मनात होते. मी चहा दोनदा केला. यजमान धुळ्याच्या मालकाला फोन करावा की नाही, यावर स्वतःशीच चर्चा करत होते. आबा खुर्चीत स्वस्थ होते. त्यांना आखाजीपर्यंत वेळ होता.

दिवेलागणीनंतर जिन्यावर पावले वाजली. गृहस्थ आले आणि धापा टाकत म्हणाले, “माफ करा. मालक म्हणत होते, पंखे काढून नेले का ते बघतो. बघितले. मग म्हणाले, हे पंखे माझे नाहीत. मी म्हटलं, माझेच आहेत, मीच लावले होते. मग म्हणाले, आत्ताच काढून न्या. मग उतरवत बसलो.”

“सहा पंखे,” त्यांच्या पत्नी म्हणाल्या. “घरात खोल्या दोन.”

त्यांनी आबांच्या हातात रक्कम दिली. आबांनी ती कपाळाला लावली आणि तशीच माझ्या हातात दिली. माझ्या आयुष्यातील सर्वात मोठ्या आर्थिक चिंतेची रक्कम आबांच्या हातात एका श्वासापेक्षा जास्त वेळ राहिली नाही. तेवढ्यासाठी त्यांनी एरंडोलच्या पलीकडून एसटी केली होती. गणितात अशा पायरीला मी मुलांना काट मारायला सांगितले असते. व्यवहारात तिच्यावाचून उत्तर येत नाही, हे मी त्या दिवशी नोंदले.

मी उठून पावती लिहायला घेतली, तेव्हा आबा म्हणाले, “अजून एक शे.”

मी पेन खाली ठेवले.

“नवा गडी उना म्हनजे जुना चार दिन संगे ऱ्हास. कोनता बैल लाथ मारस, ते कागदमा नही लिखेल ऱ्हास.”

यजमान म्हणाले की घरात बैल नाही. आबा म्हणाले की नळ आहे. गृहस्थांना हे इतके रास्त वाटले की त्यांनी लगेच होकार दिला, आणि रविवारी सकाळी यजमान रक्कम घेऊन धुळ्याला रवाना झाले त्याच सुमारास हातगाडीवरून सहा पंखे आमच्या दारात आले.

अशा रीतीने दोन खोल्यांत दोन कुटुंबे चार दिवस नांदली. मी घर शिकवले. पहाटे नळाची तोटी किती फिरवली की आवाज थांबतो, वीजमीटरचा कोणता खटका कशाचा, टाकी भरल्याचे ओळखायचे कसे. एकेक गोष्ट सांगून मी ती त्यांच्याकडून म्हणवून घेत असे. तिसऱ्या दिवशी गृहस्थांच्या पत्नी म्हणाल्या, “मॅडम, शेवटी परीक्षा आहे का?”

“आहे,” सासूबाई म्हणाल्या. “मी सतरा वर्षं सासू आहे, अजून निकाल लागला नाही.”

दुपारी मी शाळेत असताना त्या दोघी काय बोलत ते मला कळले नाही. आल्यावर दोघी गप्प होत आणि माझ्याकडे पाहून हसत. चार दिवसांत स्वयंपाकघरातील डब्यांची जागा बदलली ती चांगल्यासाठी बदलली, असे दोघींचे मत पडले.

निघायच्या दिवशी टेम्पो आला आणि प्रश्न जिन्यापाशी येऊन थांबला. यजमान पुढे, मी मागे, असे आम्ही ठरवले होते. गृहस्थ म्हणाले की असे केले तर तिघेही खाली पोहोचाल, पण एकदम. त्यांनी प्लास्टिकची खुर्ची आणली, सासूबाईंना बसवले आणि पोटाशी रुंद पट्टा बांधला.

“मी काय कूलर आहे का?” सासूबाईंनी विचारले.

“कूलर गप्प बसतो, अम्मा.”

खुर्चीची पुढची बाजू त्यांनी धरली, मागची यजमानांनी. प्रत्येक पायरीवर थांबून ते पुढच्या पायरीची उंची मोठ्याने सांगत होते, “ही छोटी, ही मोठी, ही फसवी.” सासूबाईंनी डोळे मिटले होते, पण सूचना देणे थांबवले नाही. खाली आल्यावर त्या काही क्षण खुर्चीतच बसून राहिल्या. मग पट्टा सोडायला सांगून उठल्या आणि भिंतीला हात न लावता टेम्पोपर्यंत चालत गेल्या. गल्लीतील ज्या दोघांनी मला विचार करायला सांगितले होते, त्यांपैकी एकाने टेम्पोचे दार उघडून धरले.

धुळ्याच्या घरी सामान लावता लावता रात्र झाली. सकाळी मी शाळेला निघाले तेव्हा सासूबाई अंगणात होत्या. संध्याकाळी परतले तेव्हा त्या फाटकाबाहेर, रस्त्यावर, भाजीच्या गाडीजवळ उभ्या होत्या. हातात मेथीच्या दोन जुड्या होत्या आणि तिसरी त्या उलटून पालटून पाहत होत्या.

“अक्का, बठ्ठ्या जुड्या सारख्याच शेतस,” भाजीवाली म्हणत होती. “उद्या मी फाटकाजवळ हाक मारते, तुम्ही आतूनच सांगा कोणती हवी ते.”

“हाक मारू नकोस,” सासूबाई म्हणाल्या आणि तिसरी जुडी परत ठेवून चौथी उचलली. “मी इथेच असेन.”